एव्हरीडे पीपल

‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ या अमेरिकन सोल-फंक (कृष्णवर्णीयांचे तालप्रधान संगीतप्रकार) बँडचे वर्णभेदविरोधी गीत. एपिक रेकॉर्ड्सने ते १९६८ च्या अखेरीस (बहुधा नोव्हेंबरात) प्रसिद्ध केले. फेब्रुवारी १९६९ मध्ये ते ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले व चार आठवडे तेथे टिकले. मे १९६९ मधील ‘स्टँड!’ या अल्बममध्येही ते आहे. शब्द, संगीत व निर्मिती स्लाय स्टोन (मूळ नाव सिल्व्हेस्टर स्ट्यूअर्ट, १९४३–२०२५) याची.

बँडची स्थापना सॅन फ्रान्सिस्को परिसरात स्लाय व त्याचा भाऊ फ्रेडी यांचे दोन ताफे एकत्र येऊन झाली. काही जण तिचे साल १९६७ देतात; १९६६ ची अखेर अधिक ग्राह्य वाटते. ड्रमवादक ग्रेग एरिको व सॅक्सोफोनवादक जेरी मार्टिनी हे दोघे गोरे, बाकीचे कृष्णवर्णीय. सिंथिया रॉबिन्सन ट्रम्पेट वाजवी, स्लायची बहीण रोझ कीबोर्ड. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच वर्षी या सात जणांनी हे गीत गायले, त्यामुळे आशय शब्दांइतकाच गाणाऱ्यांतही होता.

गीतात उपदेशापेक्षा चेष्टा अधिक आहे. निळ्याला हिरवा खपत नाही, लांब केसवाल्याला आखूड केसवाला खपत नाही, अशी यादी रोझ स्टोन शाळकरी पोरांच्या चिडवण्याच्या चालीवर म्हणते आणि शेवटी ‘स्कूबी डूबी डू’ची पुस्ती जोडते. (त्या नावाचे कार्टून सप्टेंबर १९६९ मधले, म्हणजे नंतरचे.) या पुस्तीच्या आधी येणारे ‘डिफरंट स्ट्रोक्स फॉर डिफरंट फोक्स’, म्हणजे आपले ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’, याच गीताने सर्वतोमुखी केले. त्याचे जनकत्व मात्र स्लायकडे देता येत नाही: मुष्टियोद्धा मुहम्मद अलीच्या तोंडी ते १९६६ मध्येच छापलेले आढळते. कृष्णवर्णीयांच्या बोलीतून ते दोघांकडे आले असावे.

खरा वाद बासचा (खर्जाच्या गिटारचा) आहे. बासवादक लॅरी ग्रॅहॅम गीतभर एकच स्वर धरून ठेवतो. वरचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) बदलतात, खालचा षड्ज तंबोऱ्यासारखा हलत नाही. ‘स्लॅप’ वादनाची ही पहिली ध्वनिमुद्रित नोंद होय, असा दावा केला जातो. या पद्धतीत अंगठ्याने तारेवर ठोका देतात आणि बोटाने तार उचकटून सोडतात. ग्रॅहॅमच्या सांगण्यानुसार, पियानो वाजवणाऱ्या आईच्या साथीला ड्रमर उरला नाही, तेव्हा ठोक्याने मोठ्या ड्रमची आणि उचकटण्याने स्नेअरची (कडक आवाजाच्या लहान ड्रमची) उणीव भरून काढताना ती सापडली. न्यू ऑर्लीन्सचे जॅझवादक उभ्या बासवर तारा फटकारीत ते त्याच्या कितीतरी आधी. पण विजेच्या बासवरील रीत रूढ करण्याचे श्रेय ग्रॅहॅमला देण्यास हरकत नाही. प्रस्तुत गीतात ठोका मान्य करता येईल, उचकटणे कानाला स्पष्ट होत नाही. पूर्ण विकसित नमुना म्हणून याच बँडचे ‘थँक यू’ (१९६९ ची अखेर) धरणे अधिक सयुक्तिक.

‘अरेस्टेड डेव्हलपमेंट’ या हिप-हॉप गटाने १९९२ मध्ये शीर्षकातील शब्द उलटे करून, ‘पीपल एव्हरीडे’ या नावाने, त्याची नवी आवृत्ती केली.