धरणाचा छेद: मुंबईच्या एका प्रश्नापासून कोयनेच्या भेगेपर्यंत

कोयनेच्या भूकंपाचा विषय निघाला की आपल्याकडे माणसांची आणि घरांची आठवण निघते. साहजिक आहे. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी बसलेल्या त्या धक्क्यात सुमारे 180 जणांचा जीव गेला, कोयनानगर कोसळलं. धरण उभं राहिलं, म्हणून त्याची चर्चा कमी झाली. पण धरणालाही इजा झाली होती. 103 मीटर उंच भिंतीच्या, सांडवा नसलेल्या भागातल्या उंच खंडांवर आडव्या भेगा पडल्या होत्या. त्या वाटेल तिथे पडलेल्या नव्हत्या. पाण्याकडच्या अंगाला आणि खालच्या, म्हणजे पाण्याच्या उलट बाजूच्या, अंगालाही त्या साधारण एकाच पातळीला होत्या: या खालच्या अंगाचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या पातळीला.

हिशेबाप्रमाणे तिथे भेग पडायला नको होती. हिशेबात चूकही नव्हती; बेरीज-वजाबाकी सगळी बरोबर होती. मग तो हिशेब नेमका कशाचा होता, हे बघायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

दगडी धरणाचा विचार इंजिनिअर एका कापाने करतात. केकचा काप घ्यावा तशी भिंतीची एक मीटर जाडीची उभी चकती कल्पनेत बाजूला काढायची आणि तेवढीच तपासायची. यालाच छेद म्हणतात. पाणी 100 मीटर खोल असेल तर या एका मीटरच्या चकतीवर सुमारे 5000 टनांचा आडवा रेटा येतो. खोली दुप्पट झाली की रेटा चौपट होतो, आणि भिंत उलथवण्याची त्याची ताकद आठपट. त्याला तोंड द्यायला चकतीकडे एकच हत्यार असतं: स्वतःचं वजन.

हा हिशेब पद्धतशीर मांडायला सुरुवात केली फ्रान्समध्ये साझिली यांनी, 1853 मध्ये. त्यांची काळजी होती दगड चिरडण्याची. धरण भरलेलं असताना खालच्या टोकाशी आणि रिकामं असताना पाण्याकडच्या टोकाशी दगडावरचा दाब मर्यादेत राहिला पाहिजे, एवढं ते बघत. याच विचाराच्या वाटेने सेंट एटिएनजवळचं फ्युरां धरण 1866 मध्ये पुरं झालं आणि उंच दगडी धरण बांधता येतं हे सिद्ध झालं.

मग प्रश्न आला मुंबईतून. शहराच्या पाण्यासाठी दगडी धरण बांधायचं होतं आणि नगरपालिकेचे कार्यकारी अभियंता कॅप्टन टलॉक यांनी ग्लासगोच्या प्राध्यापक रँकिन यांचा सल्ला मागितला. रँकिन यांचा अहवाल 1872 च्या सुरुवातीला छापून आला. त्याच वर्षाच्या शेवटी ते वारले. वाफेच्या इंजिनामुळे ज्यांचं नाव झालं, त्या माणसाने मुंबईच्या पाण्यासाठी लिहिलेलं ते टिपण पुढे जगभरच्या धरणांचा पाया झालं. याचा उल्लेख आपल्याकडे इतका कमी होतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

रँकिन यांनी घातलेली अट साधी होती. नुसता दाब मर्यादेत असून भागत नाही. भिंतीत कुठेही ताण येता कामा नये. चुन्याचा जोड दाब सोसतो, ओढ सोसत नाही. चार विटा चुना न लावता एकावर एक रचा आणि वरच्या विटेला बाजूने ढकला: पडण्याआधी मागच्या कडेची फट उघडते. ती फट उघडूच नये, ही अट. म्हणजे पायाचे तीन सारखे भाग केले तर वजन आणि पाण्याचा रेटा यांचा मिळून होणारा जोर मधल्या भागातच उतरला पाहिजे. हाच तो कॉलेजात सगळे घोकतात तो मिडल थर्डचा नियम. पाण्याच्या 2.4 पट जड बांधकाम धरलं, तर 100 मीटर उंच त्रिकोणी धरणाला या नियमाने सुमारे 65 मीटर रुंद पाया लागतो. कोयनेचा पाया 70 मीटर आहे, यावरून हे सूत्र किती टिकलं ते दिसतं.

या हिशेबात पाणी फक्त बाहेरून ढकलतं. आत शिरत नाही. 27 एप्रिल 1895 ला फ्रान्सच्या व्होज भागातलं बूझे धरण फुटलं, 80 हून जास्त माणसं मेली, आणि ही उणीव उघडी पडली. पाण्याकडच्या अंगाला ताण येऊन जोड उघडला, त्या फटीत पाणी शिरलं आणि त्याने वरची भिंत पाचरीसारखी उचलली. हाच अपलिफ्ट. मोरिस लेव्ही यांनी त्याच वर्षी नवी अट सुचवली: पाण्याकडच्या अंगाला कुठल्याही पातळीवर दगडातला दाब तिथल्या पाण्याच्या दाबापेक्षा जास्तच हवा. ही अट जशीच्या तशी पाळली तर आपल्या त्या 65 मीटरच्या पायाचे सुमारे 85 मीटर होतात. एवढा दगड कोण घालणार? म्हणून झिरपलेलं पाणी आतल्या आत गोळा करून बाहेर काढायची युक्ती रुळली आणि धरणाच्या पोटात बोगद्यासारखी गॅलरी आली. ही गॅलरी लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

दरम्यान लंडनमध्ये वेगळाच वाद पेटला होता. 1904 मध्ये ॲचर्ली आणि कार्ल पिअरसन यांनी दाखवून दिलं की सगळे आडवे काप तपासतात, उभे काप कुणी तपासतच नाही. आस्वान धरणाची उंची वाढवायची चर्चा तेव्हा चालू होती, त्यामुळे हा वाद कागदावरचा राहिला नाही. निकाल लावायला 1908 मध्ये विल्सन आणि गोर यांनी चक्क रबराची धरणं केली. रबर घ्यायचं कारण उघड आहे: दगडाचं ताणणं डोळ्यांना दिसत नाही, रबराचं दिसतं. ताण सापडला, पण भीती होती तिथे, म्हणजे खालच्या टोकाशी नाही. तो होता पाण्याकडच्या पायथ्याशी, जिथे भिंत खडकाला मिळते. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण अखंड पदार्थाच्या आत जोर कसा वाहतो हे धरणवाल्यांना तेव्हा प्रत्यक्ष बघायला मिळालं. पण रोजच्या कामाला हातानं सुटणारा हिशेबच हवा होता. पद्धत त्यामुळे चकतीचीच राहिली.

भूकंप या हिशेबात शिरला तोही त्याच साध्या रूपात. 28 डिसेंबर 1908 ला मेसिना शहर उद्ध्वस्त झाल्यावर इटालियन समितीने शिफारस केली की इमारतीवर तिच्या वजनाचा ठरावीक हिस्सा आडवा जोर म्हणून धरावा: तळमजल्याला बारावा, वरच्या मजल्यांना आठवा. वरचा भाग जास्त हलतो, हे त्या आकड्यांत आलेलं होतं. धरणांच्या रूढ पद्धतीत मात्र हा फरक उरला नाही. पायापासून माथ्यापर्यंत एकच गुणक लावला जाऊ लागला, जणू धरण म्हणजे न वाकणारा ठोकळा. 1933 मध्ये वेस्टरगार्ड यांनी हलणाऱ्या धरणावर पाणी किती जादा दाब देतं याचं सूत्र दिलं, त्यातही धरण ताठच धरलं होतं.

कोयनेची रचना याच परंपरेतली. गुणक होता 0.05, म्हणजे वजनाच्या 5 टक्के आडवा जोर, वरपासून खालपर्यंत सारखा. दख्खनचं पठार स्थिर समजलं जायचं त्या काळात हा आकडा निष्काळजीपणाचा नव्हता. त्यात बांधकाम चालू असतानाच उंची वाढवायचं ठरलं. त्यामुळे वरचा भाग जाड आणि खालचा उतार मध्येच, पायापासून 66.5 मीटरवर, एकदम मोडलेला असा छेद झाला. पाण्याच्या रेट्यासाठी तो आकार ठीक होता आणि 5 टक्क्यांच्या जोरातही ताण दिसत नव्हता.

त्या पहाटे धरणाच्या गॅलरीत भूकंपमापक यंत्र चालू होतं. धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वाच्या 0.63 पट आणि लांबीला आडव्या, म्हणजे पाण्याच्या रेट्याच्या, दिशेने 0.49 पट त्वरण त्याने नोंदवलं. धरलेल्या गुणकाच्या जवळपास दहापट. पण फक्त आकडा मोठा होता एवढ्याने भेगांची जागा समजत नाही. धरण ताठ नव्हतं, हे खरं कारण. त्याचा मूळ हेलकावा सेकंदाला साधारण 3 वेळांचा. त्यात माथा पायापेक्षा कितीतरी जास्त झुलतो. जड माथा पुढे-मागे झुलत असताना सगळा जोर येऊन बसला तो मानेवर, उतार मोडतो तिथे. पुढे-मागे झुलणं असल्यामुळे ताण आळीपाळीने दोन्ही अंगांना आला.

हे कागदावर दाखवायला नवी पद्धत नुकतीच तयार झाली होती. धरणाचा छेद छोट्या छोट्या तुकड्यांत वाटायचा आणि प्रत्येक तुकड्याचा हिशेब कॉम्प्युटरने जोडायचा. बर्कलीच्या रे क्लफ यांनी 1960 मध्ये तिला फायनाइट एलिमेंट हे नाव दिलं आणि लगेचच अमेरिकेतल्या आर्कान्सातल्या नॉरफोर्क धरणाला पडलेल्या तड्याचा अभ्यास तिच्या मदतीने झाला. कोयनेचा छेद आणि गॅलरीतली नोंद घेऊन बर्कलीतच अनिल चोप्रा आणि चक्रबर्ती यांनी गणित केलं. ताण नेमका त्याच पातळीवर, काँक्रीट सोसणार नाही इतका निघाला. आणखी एक गोष्ट निघाली, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची: मोडका उतार नसलेल्या नेहमीच्या छेदातही अशा धक्क्याला मोठा ताण येतो. दोष एकट्या कोयनेच्या आकाराचा नव्हता, जगभर वापरात असलेल्या पद्धतीचा होता.

इकडे उंच खंडांना खालच्या अंगाने काँक्रीटचे भक्कम टेकू देऊन धरण मजबूत केलं गेलं. 1970 च्या भारतीय मानकात भूकंपप्रवणतेचा नकाशा नव्याने आखला गेला, आणि कोयनेचा पट्टा झोन 4 मध्ये, म्हणजे जास्त धोक्याच्या भागात, गेला.

भक्कम नोंद, ठाऊक असलेला आकार आणि डोळ्यांनी पाहिलेल्या भेगा हे तिन्ही एकाच धरणाबद्दल मिळणं दुर्मिळ आहे. म्हणून भेग कशी सुरू होते आणि कशी पसरते याचं कुठलंही नवं गणित मांडलं की ते आधी कोयनेवर घासून बघतात. असं गणित करणाऱ्या ॲबॅकस या सॉफ्टवेअरच्या नमुना उदाहरणांतही हे धरण आहे. 103 मीटर उंची, 66.5 मीटरवर मोडणारा उतार, आणि त्या पहाटेची पहिली 10 सेकंदं. कोयना काँक्रीटमध्ये दगड घालून, थरावर थर देत बांधलेलं आहे. या उदाहरणात मात्र सगळं धरण एकाच जिनसाचं धरलं जातं, आणि थरांमधले सांधे त्यात नसतात.