ओकिएक

पूर्व आफ्रिकेतील केनियाच्या डोंगराळ अरण्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेला, शिकार आणि मध यांवर जगणारा लोकसमूह. नावाचे लेखन ओगिएक असेही होते. रिफ्ट खोऱ्याच्या पश्चिम कडेचे माऊ अरण्य ही त्यांची मुख्य भूमी. युगांडाच्या सीमेवरील एल्गॉन पर्वतावरही त्यांची एक शाखा आहे. केनियाच्या २०१९ च्या जनगणनेत ५२,५९६ जणांची नोंद ओगिएक म्हणून झाली. त्यांची भाषा दक्षिण नायलोटिक गटातील असून नांदी आणि किप्सिगिस यांच्याप्रमाणे ती कालेंजिन भाषासमूहात मोडते. अनेक ओकिएक शेजाऱ्यांची भाषाही सहज बोलतात. काही वस्त्यांत तर मासाई किंवा किप्सिगिस हीच घरची भाषा होऊन बसली आहे.

मासाई लोक त्यांना ‘तोरोबो’ म्हणत. ब्रिटिशांच्या कागदपत्रांत त्याचेच ‘डोरोबो’ झाले. शब्दाचा अर्थ गुरे नसलेले, म्हणजेच दरिद्री. गोठ्यातल्या जनावरांवरून माणसाची ऐपत ठरवणाऱ्या पशुपालकांनी शेजाऱ्याला असे नाव द्यावे, हे समजण्यासारखे आहे. पण ओकिएकांची संपत्ती उंच झाडांवर टांगलेली होती आणि ती मोजायला वेगळी नजर लागत होती.

ही संपत्ती म्हणजे मध. पुरुष आफ्रिकी सीडारचा ओंडका उभा चिरतात, दोन्ही भाग आतून कोरतात आणि पुन्हा जोडून त्याची पेटी करतात. ती झाडाच्या फांद्यांत उंचावर ठेवली की मधमाश्या आपणहून येऊन पोळे धरतात. मध काढायला जाताना धुमसता पलिता बरोबर घेऊन झाडावर चढायचे, धुराने माश्या शांत करायच्या आणि पोळ्याच्या लगडी कातड्याच्या पिशवीत भरून खाली आणायच्या. झाडांच्या ढोल्यांमधले रानटी मोहोळही काढले जाई. एकेका माणसाच्या मालकीच्या अनेक पेट्या दूरदूर विखुरलेल्या असत आणि कोणती पेटी कोणाची हे सगळ्यांना माहीत असे.

माऊचा उतार खालच्या झुडपी माळापासून वरच्या थंड, दाट बांबूच्या रानापर्यंत चढत जातो. प्रत्येक उंचीवर झाडे वेगळी, त्यामुळे फुलोऱ्याचा काळही वेगळा. एका पट्ट्यातला बहर ओसरला की वरच्या किंवा खालच्या पट्ट्यात मध तयार होऊ लागतो. हे ओळखून ओकिएकांनी जमीन उताराला उभी छेदणाऱ्या लांबट पट्ट्यांत वाटून घेतली होती. अशा पट्ट्याला ते ‘कोनोइतो’ म्हणतात. तो एका पितृवंशीय कुळाच्या ताब्यात असे आणि त्याच्या सीमा ओढे, टेकड्या आणि डोंगराच्या धारा यांनी ठरलेल्या असत. प्रत्येक कुळाला खालपासून वरपर्यंतच्या सगळ्या फुलोऱ्यांचा वाटा मिळावा, असा या वाटणीचा हिशेब होता. कुळातली कुटुंबे ऋतूप्रमाणे मुक्काम वर-खाली हलवत. बाहेरून पाहणाऱ्याला ही भटकंती वाटली आणि अरण्य बेवारस वाटले. पुढच्या शंभर वर्षांतल्या बहुतेक अन्यायाचे मूळ मला या चुकीच्या वाचनात दिसते.

मध नुसता खाल्ला जाई असे नाही. वाळवलेले मांस मधात घालून ठेवत, म्हणजे ते टिके. मध पाण्यात कालवून, किगेलिया या झाडाच्या फळाचा गर घालून आंबवला की त्याची दारू होई. ती थोरांच्या बैठकीत, आशीर्वादाच्या वेळी आणि लग्नाच्या बोलणीत लागे. वधूच्या माहेरी मध पोचल्याशिवाय सोयरीक पुढे सरकत नसे. मासाईंच्या समारंभांनाही मधाची दारू हवी असे आणि त्यासाठीचा मध ओकिएकांकडून जाई. मध, रानातले मांस आणि कातडी देऊन ते गुरे, मेंढ्या, लोखंड आणि धान्य घेत. ओकिएक स्त्रियांनी घडवलेली मातीची मडकी मासाई घरांत वापरली जात. अरण्यात राहिले म्हणून ते जगापासून तुटलेले होते, हा समज या देवघेवीपुढे टिकत नाही.

शिकार धनुष्यबाण, भाले, सापळे आणि कुत्रे यांच्या मदतीने होई; बाणाच्या टोकाला झाडापासून काढलेले विष लावत. बोंगो हा पट्टेदार मृग, मोठे रानडुक्कर, लहान डायकर हरणे आणि म्हैस ही मुख्य शिकार. झाडावर राहणाऱ्या हायरॅक्स या लहान केसाळ प्राण्याचे मांस खात आणि त्याची मऊ कातडी शिवून थंडीत पांघरायची शाल करत. घर बांधणे, पाणी आणि सरपण ही कामे स्त्रियांकडे असत. मुलामुलींचा दीक्षाविधी हा समाजजीवनातला मोठा प्रसंग. दीक्षितांना काही काळ वेगळे ठेवून जाणतेपणाची शिकवण दिली जाते आणि मुलगे त्यानंतर कालेंजिन पद्धतीच्या वयोगटात, म्हणजे एकाच काळात दीक्षा घेतलेल्यांच्या गटात, दाखल होतात.

वसाहतकाळात अरण्य राखीव ठरले आणि त्यात राहणारे घुसखोर ठरू लागले. १९३२ मध्ये नेमलेल्या केनिया भूमी आयोगाने तर ‘डोरोबों’ना शेजारच्या जमातींच्या राखीव प्रदेशांत हलवून त्यांच्यात मिसळून टाकावे, अशी शिफारस केली. विसाव्या शतकाच्या मध्यापासून मका आणि गुरे ओकिएकांच्या जीवनात पक्की रुजली. १९७७ मध्ये केनियाने शिकारीवर सरसकट बंदी घातली. मध मात्र सुटला नाही. माऊतील मारिआशोनी भागात आज सहकारी तत्त्वावर मधाची विक्री होते.

दरम्यान अरण्यच आक्रसत होते. सुमारे ४ लाख हेक्टरांचे माऊ हे केनियातील सर्वांत मोठे जलस्रोत-अरण्य. मारा नदी इथेच उगम पावते. त्याचे मोठमोठे तुकडे वसाहतीसाठी आणि शेतीसाठी तोडून दिले गेले; २००१ मध्ये एका फटक्यात साठ हजारांहून अधिक हेक्टर राखीव क्षेत्रातून वगळले गेले. तरीही ऑक्टोबर २००९ मध्ये अरण्य वाचवण्याच्या नावाखाली ३० दिवसांत बाहेर पडण्याची नोटीस आली, तेव्हा ती ओकिएकांनाही लागू होती.

त्यांनी दाद मागितली. प्रकरण आफ्रिकी मानवी व लोकाधिकार न्यायालयात, टांझानियातील अरुशा इथे पोचले. २६ मे २०१७ रोजी न्यायालयाने निकाल दिला की ओकिएक हे आदिवासी लोक आहेत, माऊवर त्यांचा पूर्वापार हक्क आहे आणि केनियाने मानवी व लोकाधिकारांच्या आफ्रिकी सनदेच्या सात कलमांचा भंग केला आहे. अरण्याच्या नासाडीचा दोष ओकिएकांवर टाकता येणार नाही, असेही न्यायालयाने म्हटले. २३ जून २०२२ रोजी भरपाईचा आदेश झाला: १५ कोटी ७८ लाख ५० हजार केनियन शिलिंग, आणि पूर्वजांच्या भूमीची सामूहिक मालकी कागदोपत्री त्यांच्या नावे करून देणे. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेतही शिकारी-संग्राहक समाजांच्या पारंपरिक भूमीला सामुदायिक जमीन म्हटले आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये नारोक जिल्ह्यातील सासिम्वानी इथे सरकारी पथकांनी पुन्हा ओकिएकांची घरे पाडली.