परदेशी निघण्याआधी घरच्यांच्या लसी: वेळ कधी घ्यावी, लस कोणाला, कागद कोणते

तिकिटं हातात आली की लगेच लसीकरणाची वेळ घ्या, बॅगा भरायची वाट पाहू नका. निघायच्या निदान सहा आठवडे आधी सगळ्या घराने मिळून डॉक्टरांकडे जावं. धडधाकट माणसाचं एक-दोन खेपांत भागतं. खरा वेळ लागतो तो तान्ह्या बाळाचा आणि आजी-आजोबांचा विचार करायला, म्हणून तारखा त्यांच्याकडे बघून ठरवा.

काही लसी देशात प्रवेश मिळावा म्हणून सक्तीच्या असतात, तर बाकीच्या आपल्या तब्येतीसाठी. सक्तीत पहिलं नाव पिवळ्या तापाचं (यलो फीव्हर, डासांमुळे पसरणारा विषाणूचा आजार). घानासारखे देश नऊ महिन्यांवरच्या प्रत्येकाकडून त्याचं प्रमाणपत्र मागतात. बरेच देश फक्त या तापाचा धोका असलेल्या देशातून येणाऱ्यांकडून मागतात, आणि इथेच लोक फसतात. आपण राहतो तो देश धोक्याच्या यादीत नसला, तरी वाटेत इथिओपियातल्या अदिस अबाबासारख्या विमानतळावर १२ तासांहून जास्त थांबा असेल, तर पुढचा देश हे प्रमाणपत्राचं कार्ड मागू शकतो. म्हणून नियम बघताना नुसता मुक्कामाचा देश बघू नका, तिकिटावरचा प्रत्येक थांबा बघा. हज-उमरेला जाणाऱ्यांना मेनिंगोकॉकल मेंदूज्वराची लस पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी घेतलेली लागते. पोलिओचा विषाणू फिरतो आहे अशा देशांतून निघणाऱ्यांकडून पोलिओच्या डोसची नोंदही मागितली जाते.

पिवळ्या तापाची लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. तिथे वेळ घेऊन जाताना प्रत्येकाचा मूळ पासपोर्ट, प्रवासाचा तपशील, आधीच्या लसींची नोंद, मुलांचं लसीकरण कार्ड आणि चालू औषधांची चिठ्ठी बरोबर ठेवा. प्रमाणपत्र लस दिल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं. म्हणजे २० तारखेला तिथे उतरायचं असेल, तर १० तारखेपर्यंत टोचलेलं हवं. ११ जुलै २०१६ पासून हे कार्ड जन्मभर चालतं. जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी ते बाद होत नाही.

कार्ड हातात पडलं की खिडकीवरून हलू नका, तिथेच उभं राहून ओळ न् ओळ वाचा. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर जुळणारं हवं. जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, लसीची तारीख, उत्पादक आणि बॅच क्रमांक, लस देणाऱ्याची सही, केंद्राचा शिक्का, यातलं एकही सुटता कामा नये. मजकूर इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये लागतो. खाडाखोड असलेलं किंवा अर्धवट भरलेलं कार्ड अमान्य ठरू शकतं. कार्ड माणशी एक असतं, बाळाचंसुद्धा वेगळं. सही करता न येणाऱ्या मुलाच्या कार्डावर आई किंवा वडील सही करतात.

आता ही लस कोणाला चालत नाही ते. सहा महिन्यांखालच्या बाळाला ती देतच नाहीत, आणि नेहमीच्या परिस्थितीत नऊ महिने पुरे झाल्यावरच देतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस ग्रंथीचा (छातीतल्या, प्रतिकारशक्तीशी संबंधित ग्रंथीचा) विकार, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती फार कमी करणारा आजार असेल तर ती टाळतात. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि पहिल्यांदाच लस घेणारे साठीपुढचे लोक यांच्याबाबत प्रवासातला धोका आणि लसीचा धोका तोलून डॉक्टर ठरवतात. साठीनंतर गंभीर दुष्परिणाम विरळाच होतात, पण तरुणांपेक्षा जास्त होतात. आजींना रांगेत उभं करण्याआधी हे विचारायलाच हवं. लस देता येत नसेल तर तसं कारणासह लिहिलेलं सही-शिक्क्याचं वैद्यकीय पत्र घ्या आणि ते पत्र चालेल का, हे त्या देशाच्या दूतावासाला आधीच विचारा. पत्र असूनही तिथले अधिकारी काही दिवस देखरेखीखाली ठेवू शकतात.

सक्तीच्या नसलेल्या लसींमध्ये गोवराकडे सगळ्यात आधी बघा. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला परदेशी न्यायचं असेल तर डॉक्टर एक डोस लवकर देतात. तो जादाचा असतो, वर्षानंतरचे नेहमीचे डोस ठरल्याप्रमाणे घ्यावेच लागतात. गोवर आणि पिवळा ताप या दोन्ही जिवंत विषाणूंच्या लसी. त्या एकाच दिवशी दिल्या नाहीत, तर मध्ये निदान चार आठवडे जावे लागतात. सहा आठवडे हातात हवेत ते यासाठी. धनुर्वाताचा डोस होऊन दहा वर्षं उलटली असतील तर तोही याच खेपेत उरकून घ्या. हिपॅटायटिस ए, टायफॉइड, रेबीज यांचं कुठे जाताय आणि किती दिवस राहताय यावर ठरतं. टायफॉइडचं इंजेक्शन निघायच्या किमान दोन आठवडे आधी व्हायला हवं.

निघायच्या दिवशी मूळ कार्डं पासपोर्टांसोबत हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका. प्रत्येक कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनवर असू द्या. पण तपासणीला मूळ कार्डच दाखवावं लागतं.