गधेगळ

गधेगळ (गद्धेगाळ): भूदान वा राजशासन मोडणाऱ्याला गाढवाचा शाप देणारी मध्ययुगीन शिळा. शिलाहार व यादव या राजघराण्यांच्या आणि त्यानंतरच्या काळातील अशा शिळा मुख्यतः उत्तर कोकणात, तसेच महाराष्ट्राच्या इतर भागांत व गोव्यात आढळतात. शिळेच्या माथ्यावर सूर्य-चंद्र, मध्ये लेख आणि तळाशी स्त्रीशी समागम करणारे गाढव असते. सूर्य-चंद्र आहेत तोवर दान अबाधित राहावे, हा वरच्या चिन्हांचा अर्थ. लेख नसलेल्या शिळाही पुष्कळ आहेत.

‘गळ’ या उत्तरपदाविषयी मतभेद आहेत. ‘वीरगळ’ (वीराची स्मारकशिळा) या शब्दाप्रमाणे येथेही कन्नड ‘कल्लु’ (दगड) पाहावा, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार हा शब्द ‘गाळ’ म्हणजे शिवी (जुन्या मराठीत ‘गाळी’) यावरून आला. ‘गद्धेगाळ’ हे दीर्घ आकाराचे रूप आणि शिळेचे प्रयोजन पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. ‘गळ’ हे रूप वीरगळाच्या साहचर्याने रूढ झाले असावे.

ताम्रपटांत दान हिरावणाऱ्याला संस्कृत श्लोकांतून भय घातले जाई: तो साठ हजार वर्षे विष्ठेत कृमी होऊन राहील. गावच्या सीमेवर वा देवळापुढे उभ्या दगडाला ही भाषा पुरेशी नव्हती. परळ (मुंबई) येथील शिलाहार राजा अपरादित्याचा बाराव्या शतकाच्या अखेरचा लेख या दृष्टीने महत्त्वाचा आहे. दानाचा मजकूर संस्कृतात आहे, पण शेवटी शाप येताच लेख मराठीत उतरतो. जो हे शासन लोपील त्याच्यावर सकुटुंब श्रीवैद्यनाथ देवाची ‘भाल’ पडो, असे म्हणून पुढे त्याच्या आईविषयीची गाढवाची शिवी उघड शब्दांत कोरलेली आहे. ज्यांना शाप लागायचा त्यांना तो कळायला हवा होता. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी खालचे चित्र होते. जुन्या बोलीचे असे अस्सल नमुने या शिव्यांमुळे टिकले, हे या शिळांचे मोठेच ऋण आहे.

अलिबागजवळील आक्षी येथील केशिदेवाच्या लेखाचा काळ विशेष वादाचा आहे. प्राचीन मराठी लेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनानुसार तो शक 934 (इ. स. 1012) मधील ठरतो. काही अभ्यासक शक 1132 असे वाचून तो याच नावाच्या नंतरच्या राजाकडे, म्हणजे केशिदेव दुसरा याच्याकडे देतात. दोन्ही काळांत या नावाचा शिलाहार राजा जुळत असल्याने केवळ राजनामावरून निर्णय होत नाही. लेखातील संवत्सरनाम (साठ वर्षांच्या चक्रातील वर्षाचे नाव) ‘प्रधावी’ म्हणजे परिधावी असे वाचल्यास ते दक्षिणी गणनेने शक 934 शीच जुळते. शक 1132 मध्ये प्रमोद संवत्सर येते. म्हणून पहिल्या वाचनाकडे कल राहतो, मात्र अक्षरे बरीच झिजलेली आहेत. पहिले वाचन ग्राह्य धरल्यास हा लेख हत्तरसंग-कुडल (जि. सोलापूर) येथील शक 940 च्या जुन्या मराठी लेखाहूनही आधीचा ठरतो.

तळाच्या शिल्पाचा अर्थ बहुतेक अभ्यासक शब्दशः शिवी असाच घेतात. स्त्री ही भूमी व गाढव हे वैराणपणाचे चिन्ह, असाही एक तर्क आहे. त्याला गाढवाच्या नांगराचा आधार दिला जातो. कलिंगचा प्राचीन राजा खारवेल याच्या हाथीगुंफा (ओडिशा) लेखात पिथुंड नगर गाढवांच्या नांगराने नांगरल्याचा उल्लेख आहे. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुण्यात असाच नांगर फिरवल्याची आणि पुढे जिजाऊंनी तेथे सोन्याचा फाळ लावून नांगरणी करवल्याची परंपरागत कथाही प्रसिद्ध आहे. परंतु लेखांतील शब्द थेट दान मोडणाऱ्याच्या आईला उद्देशून असल्याने हा अर्थ मूळचा मानणे कठीण आहे.

सत्ता बदलली तरी कोकणात शिळेवर शासन कोरण्याची रीत चालू राहिली. नागाव (जि. रायगड) येथील हंबीररावाच्या लेखात शक 1289 बरोबर हिजरी 769 हे वर्षही दिले आहे.

पुढे मूळ अर्थ विसरला गेला. काही गावांत या शिळांना शेंदूर फासून त्या देव म्हणून पुजल्या जातात, तर काही ठिकाणी अपशकुनी म्हणून टाळल्या जातात.