मोंढ्यातला गठ्ठा: जुनी उद्योग-मासिकं आणि मराठवाडा

जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आमच्या अडत दुकानाच्या माळ्यावर सुतळीने बांधलेला एक गठ्ठा होता. त्यातल्या 'किर्लोस्कर' मासिकाच्या एका अंकावर आजोबांनी पेन्सिलीने आकडेमोड केली आहे: ६ चे ७. वर्गणी पाठवायची कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या, रुपयांत आणि गल्ल्यात मात्र निजामाचा हाली सिक्का. ६ कलदारांना ७ हाली असा तो हिशेब. दोन चलनांत धंदा करणं म्हणजे काय, हे मला या दोन आकड्यांनी शिकवलं. माझा संग्रह तिथून सुरू झाला.

उद्योगधंद्यांची नियतकालिकं जुनी आहेत. कलकत्त्याचं 'कॅपिटल' १८८८ चं, मुंबईचं 'कॉमर्स' १९१० चं. मराठीत नागपूरहून 'उद्यम' निघालं आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. 'खबर' आधी कारखान्याचंच पत्रक होतं, नंतर ते घराघरात वाचलं जाणारं 'किर्लोस्कर' झालं.

यातलं एकही आमच्या भागातलं नाही. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, कचेरीची भाषा उर्दू होती. त्यामुळे इथल्या वाचकाकडे उद्योगाची मराठी भाषा टपालाने, बाहेरून येत राहिली. त्या काळचे अंक चाळताना मराठवाडा दिसतो तो गिऱ्हाईक म्हणून. लोखंडी नांगर आणि उसाचे चरक यांच्या जाहिराती नीट वाचा. काळ्या जमिनीत नांगर घालणारा आमचा शेतकरी तिथे आहे, कारखानदार नाही.

म्हणूनच मी लेखांपेक्षा जाहिरातींना जास्त जपतो. अनेक ग्रंथालयांनी वर्षभराचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकली. त्या वेळी तो कचराच वाटला असणार. पण मालाची किंमत, एजंटाचं गाव, हप्त्याची सोय, सगळं त्याच पानांवर होतं. आज कव्हरसकट सुटा अंक मिळाला तर तो बांधीव खंडापेक्षा मोलाचा, असं माझं ठाम मत आहे.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, १९६० ला महाराष्ट्र झाला. तरीही इंग्रजी व्यापारी नियतकालिकांत औरंगाबादचं नाव कारखान्यांसाठी यायला बराच काळ जावा लागला. १९७८ मध्ये 'बिझनेस इंडिया' आलं, १९८१ मध्ये 'बिझनेस वर्ल्ड'. १९८५ ला औरंगाबादजवळच्या वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. तोवर स्कूटर नोंदवून वर्षानुवर्षं थांबायची लोकांना सवय झालेली. परवाना ठरवेल तेवढंच उत्पादन करायचं, हा तेव्हाचा नियम. त्या दशकातले अंक पाहिले की ही टंचाई पानोपानी जाणवते.

पुढे औरंगाबादजवळच्याच चितेगावच्या व्हिडिओकॉनच्या रंगीत टीव्हीच्या जाहिराती येतात, पूर्ण पानभर, भरवशाने ओसंडणाऱ्या. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत जाईल, हे त्या पानाला ठाऊक नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकाला शेवट आधीच माहीत असतो, साप्ताहिकाला नसतो. १९९२ च्या सुरुवातीचे शेअर बाजाराचे अंक वाचताना पुढे घोटाळ्यात सापडलेल्या शेअर दलाल हर्षद मेहताबद्दलचा तेव्हाचा उत्साह अंगावर येतो, तो त्याचमुळे.

जपणुकीचं थोडक्यात सांगतो. हे कागद त्यांच्यातल्या आम्लामुळे पिवळे पडून तुटतात, पावसाळ्यात कसर लागते. सेलोटेप कधीच लावू नका, डाग कायमचा राहतो. अंक आडवे ठेवा, उन्हापासून लांब. पानांवरची पेन्सिल पुसू नका.

मला अजून वाळूजच्या पहिल्या वर्षांतले, कव्हर शाबूत असलेले अंक हवे आहेत. दिवाळीच्या साफसफाईत जुने माळे रिकामे होतात आणि गठ्ठे किलोवर जातात. तेव्हा मी शहागंजच्या रद्दीवाल्यांकडे रोज एक फेरी मारतो.