इम्पेलरला आलेली देवी आणि पुण्यातला लोखंडाचा तुकडा

बेळगावात उद्यमबागेत जुना पंप उघडला की मिस्त्री आधी इम्पेलरच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकाच्या, पात्यांवर बोट फिरवतो. देवीचे व्रण असावेत तसे बारीक खड्डे लागले की "खाल्लंय बघा" म्हणत बाजूला ठेवतो. हा गंज नव्हे. खानापूर-निपाणीकडं उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली जातं आणि पंप मात्र वरच राहतो. मग ओढीच्या बाजूचा दाब इतका उतरतो की पाणी न तापताच उकळतं. त्या वाफेचे बुडबुडे पुढं जास्त दाबात गेले की मिटतात आणि मिटताना धातूचा लचका तोडतात. पंपात खडे फिरल्यासारखा जो आवाज येतो, तो याचाच.

आपल्याकडं हे जरा लवकर होतं. समुद्रकाठी हवेचा दाब पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंच स्तंभ पेलतो. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, त्यामुळं इथं जेमतेम ९.४. कारवारात बिनतक्रार चालणारा पंप इथं जवळजवळ मीटरभर खाली बसवावा लागतो, आणि ते बहुतेकांना पहिलं इम्पेलर गेल्यावरच कळतं.

या बुडबुड्याचा अभ्यास सुरू झाला तो आगबोटींमुळं. १८९३ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या 'डेअरिंग' या बोटीच्या चाचण्यांत पंखा फिरायचा, पण अपेक्षित वेग मिळेना. पंख्याभोवती पाण्यात पोकळ्या होत होत्या. त्यावरून 'कॅव्हिटेशन' हे नाव पडलं. चार्ल्स पार्सन्स या इंजिनिअरनी आपल्या 'टर्बिनिया' बोटीसाठी १८९५ मध्ये छोटी टाकी बांधून या पोकळ्या डोळ्यांनी पाहिल्या. १९१७ मध्ये लॉर्ड रॅले यांनी गोल पोकळी किती वेळात मिटते त्याचं गणित मांडलं. ते आजही वापरात आहे. त्यांच्या सूत्रात आपली उंची घालून पाहिली: एक मिलिमीटर त्रिज्येची पोकळी कारवारात ९१ मायक्रोसेकंदांत मिटते, बेळगावात ९५.

रॅले यांची पोकळी मात्र आदर्श गोल होती, पंपातली तशी नसते. भिंतीजवळचा बुडबुडा मिटताना एका बाजूनं आत चेपतो आणि पाण्याची बारीक धार भिंतीवर आदळते. हे कॅमेऱ्यात पकडायचं तर बुडबुडा हवा तिथं, हवा तेव्हा जन्माला घालता आला पाहिजे. १९६० मध्ये लेसर आला आणि ती सोय झाली. १९७० च्या दशकात जर्मनीत गॉटिंगेनला लाउटरबॉर्न यांनी लेसरनं पाण्यात एकेकटे बुडबुडे उडवून त्यांची जलद छायाचित्रं काढली. पंपातला बुडबुडा दाब उतरल्यानं होतो, हा उष्णतेनं. मिटण्याची तऱ्हा मात्र एकच.

पुढचा टप्पा आपल्याच हमरस्त्यावरच्या गावी घडला. पुणे विद्यापीठातल्या मंडळींनी पाण्यात बुडवलेल्या लोखंडावर रुबी लेसरचा झोत सोडला. पृष्ठभाग क्षणात तापला, पाण्यानं तितक्याच झटक्यात निवला, आणि एरवी न टिकणारी ऑक्साइडं तिथं गोठून राहिली. निबंध १९८७ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात आला. पाटील, कुलकर्णी, घैसास, कानेटकर, ओगले, भिडे... लेखकांची नावं वाचताना शाळेचा हजेरीपट आठवतो. द्रवातल्या लेसर-कोरणीच्या इतिहासात आज या निबंधाचा उल्लेख सुरुवातीलाच होतो. आपल्याकडं तो फारसा कुणाला माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

त्यांचं लक्ष लोखंडाच्या पृष्ठभागावर होतं. लेसरच्या माऱ्यानं धातूतून सुटलेला माल पाण्यातच अतिसूक्ष्म कणांच्या रूपात राहतो, त्यालाच उत्पादन मानायचं, हे १९९३ च्या सुमारास जर्मनी आणि अमेरिकेतल्या प्रयोगांनी दाखवलं: चांदी-सोन्याचे कण, रसायनांची भेसळ नाही. बुडबुड्याकडं बारकाईनं पाहणं त्याहूनही नंतरचं. लेसरचा स्पंद, म्हणजे क्षणभराचा झोत, धातूवर पडतो, प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) पेटतो आणि विझतो, त्याच्या उष्णतेनं भोवतीच्या पाण्याची वाफ होऊन घुमटासारखा बुडबुडा फुगतो. मिलिमीटरभर वाढून तो मिटतो, पुन्हा उसळतो. क्ष-किरणांनी आत डोकावल्यावर दिसलं की कण पाण्यात जाण्याआधीच या घुमटात तयार असतात. पात्यांना खड्डे पाडणारा गडी इथं भट्टीचं काम करतो.

पण तो वाटेतही येतो. पुढचा स्पंद बुडबुडा मिटण्याआधी आला तर त्यावरच विखुरतो आणि धातूपर्यंत पुरता पोचत नाही. म्हणून नुसते स्पंद वाढवून माल वाढत नव्हता. जर्मनीतल्या एसेनच्या गटानं २०१६ मध्ये वेगळी वाट काढली: सेकंदाला एक कोटी स्पंद, आणि झोत धातूवरून सेकंदाला ५०० मीटर वेगानं पळवायचा, म्हणजे प्रत्येक स्पंद आधीच्या बुडबुड्याच्या पलीकडं पडतो. तासाला चार ग्रॅमपर्यंत कण मिळाले. त्या वेगानं बेळगावहून निघालं तर पुणं अकरा-बारा मिनिटांत.