मोटरहोमच्या सरकत्या स्वयंपाकघरातील नळ्यांचे दोष व त्यांचे निवारण

मोटरहोम म्हणजे राहण्या-झोपण्याची, स्वयंपाकाची आणि न्हाणीघराची सोय असलेले वाहन. त्याच्या भिंतीचा एखादा भाग आतल्या फर्निचरसह प्रवासात आत ओढलेला असतो आणि मुक्कामी बाहेर सरकवता येतो. या सरकत्या भागास स्लाइड-आउट किंवा नुसतेच स्लाइड म्हणतात. स्लाइडमध्ये पलंग वा सोफा असेल, तर विजेच्या काही तारा पुरतात. ओटा आणि सिंक स्लाइडमध्ये गेले की थंड पाणी, गरम पाणी आणि सांडपाणी अशा तीन वाटा स्थिर गाडीतून हलत्या खोलीत न्याव्या लागतात. एरवी घरातली नळजोडणी एकदा भिंतीत बसली की जागची हलत नाही. येथे मात्र दर मुक्कामाला ती सुमारे ६० ते ९० सेंमी बाहेर जाते आणि निघताना तितकीच आत येते. सरकत्या स्वयंपाकघरातील नळ्यांचे बहुतेक दोष या हालचालीतूनच उद्भवतात.

अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या एल्कहार्ट परिसरात या वाहनांचा उद्योग एकवटला आहे. तेथील नॅपॅनी गावच्या न्यूमार कंपनीने १९९० च्या सुमारास स्लाइड-आउट बाजारात आणले आणि पुढील काही वर्षांत इतर उत्पादकांनीही ते स्वीकारले. त्या काळातील गाड्यांमध्ये करड्या रंगाचे पॉलिब्युटिलीन या प्लास्टिकचे पाइप आढळतात. पाण्यातील क्लोरीनमुळे हे पाइप व त्यांचे प्लास्टिकचे जोड आतून ठिसूळ होत असल्याचे दिसून आल्याने १९९५ नंतर त्यांचा वापर थांबला. जुनी गाडी दुरुस्त करताना असा पाइप दिसल्यास केवळ गळका जोड बदलून थांबू नये. पुढचे जोडही त्याच वाटेवर असतात.

रचना : आजच्या गाड्यांत पाणी पेक्स, म्हणजे रेणुबंध जोडलेल्या पॉलिएथिलीनच्या, अर्ध्या इंची पाइपमधून फिरते. गाडीच्या टाकीतले पाणी १२ व्होल्टचा पंप ओढतो आणि साधारण ४५ ते ५५ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) दाब झाला की आपोआप थांबतो. मुक्कामाच्या तळावर बाहेरच्या नळाची जोडणी घेतली, तर दाब त्या नळाचा असतो. डोंगराळ भागात तो ८० पीएसआयच्याही वर जाऊ शकतो, म्हणून नळाच्या तोंडाशीच दाबनियंत्रक लावावा लागतो. स्लाइडपर्यंत आलेल्या पाइपला पुढे लवचीक नळीचा मोकळा वळसा दिलेला असतो. हा वळसा कधी ओट्याच्या कपाटामागे असतो, कधी गाडीच्या पोटाखाली, तर कधी विजेच्या तारांबरोबर प्लास्टिकच्या कड्यांच्या साखळीत ओवलेला असतो. शेवटची पद्धत सर्वांत चांगली, कारण साखळी नळीला ठरलेल्या त्रिज्येपेक्षा लहान वळणात वाकू देत नाही. अर्ध्या इंची पेक्ससाठी ही त्रिज्या सुमारे १२.५ सेंमी, म्हणजे पाइपच्या बाह्य व्यासाच्या आठपट धरतात. अनेक गाड्यांत हा वळसा अशा जागी गाडलेला असतो की फळी कापल्याशिवाय तेथे हात पोहोचत नाही. ही आखणीतली मोठी उणीव आहे, कारण ज्या भागाची झीज होणार हे ठाऊक आहे, तोच भाग दृष्टीआड ठेवला जातो.

दोषांची कारणे : सर्वांत नेहमीचा दोष नळी मुडपण्याचा. वळसा आखूड पडला, साखळीचे एखादे कडे तुटले किंवा नळी आपल्या जागेवरून निसटली, की एका ठरावीक स्थितीत ती दुमडते आणि पाण्याची धार बारीक होते. गरम पाण्याची विनाइलची नळी मऊ पडून अधिक लवकर मुडपते. थंडीत उलट घडते : नळ्या ताठ होतात आणि पहाटे स्लाइड हलवताना वळशाचा सगळा ताण जोडांवर येतो. दुसरा दोष घासण्याचा. स्लाइडची पोलादी चौकट, स्क्रूचे उघडे टोक, फळीची न घासलेली कड यांवरून नळी दर वेळी त्याच जागी घसटत जाते. अशी जागा हाताने ओळखता येते. इतरत्र गोल असलेली नळी तेथे किंचित चपटी आणि गुळगुळीत लागते, विणीची नळी असेल तर वरचा थर जाऊन पांढरे धागे उघडे पडलेले असतात. कारखान्यात नळी आणि तारा प्लास्टिकच्या पट्टीने एकत्र करकचून आवळल्या असतील, तर पट्टीच्या कडेशी काप पडतो. हलत्या भागात जोड घेतलेला असणे हे तिसरे कारण. पेक्स वाकणे सहन करतो, पण जोडाचे कडे दर खेपेला थोडे पिळले जात राहिले की तेथून पाझर सुरू होतो. गाडीच्या पोटात शिरलेले उंदीर पेक्स कुरतडतात, हेही लक्षात ठेवावे.

तपासणी : गळतीची पहिली खूण पुष्कळदा कानांना मिळते. सगळे नळ बंद असताना रात्री पंप मधूनच क्षणभर चालून थांबत असेल, तर दाब कोठेतरी उतरतो आहे. मात्र एवढ्यावरून फळ्या उचकटू नयेत. पंपाची परत-झडप, म्हणजे पाणी मागे जाऊ न देणारी झडप, गळत असेल, तर पाणी टाकीकडे मागे जाऊनही हेच घडते. पंप बंद ठेवून बाहेरच्या नळाचे पाणी जोडावे; गाडीची टाकी आपोआप भरू लागली, तर दोष झडपेचा आहे आणि नळ्या निर्दोष असू शकतात. स्लाइडखाली ओल दिसली, तर ते पावसाचे पाणी आहे का, याचा निर्णय आधी करावा, कारण स्लाइडच्या कडेचे रबर झिजले की छतावरचे पाणीही तेथेच उतरते. कोरड्या हवेत, पंप चालू केल्यावरच ओल वाढत असेल, तर नळीवर संशय घ्यावा.

धार बारीक होत असेल, तर प्रथम तोटीच्या टोकाची जाळी काढून पाहावी. क्षार आणि प्लास्टिकचे कण तेथे अडकतात. न्हाणीघरात दोन्ही पाणी नीट येत असून सिंकच्या नळाला फक्त गरम पाणी कमी येत असेल, तर स्लाइडच्या गरम नळीकडे वळावे. न्हाणीघरातही गरम पाणी कमीच असेल, तर गीझरच्या वळणझडपा, म्हणजे पाणी गीझर टाळून नेणाऱ्या झडपा, अर्धवट फिरलेल्या असू शकतात. यानंतरची चाचणी निर्णायक असते, आणि घाईत तीच वगळली जाते. नळ पूर्ण उघडा ठेवून स्लाइड आत, अर्ध्यावर आणि पूर्ण बाहेर अशा तिन्ही स्थितींत धार पाहावी. स्थितीनुसार धार बदलली, तर नळी कोठे दुमडते याचा अंदाज फळी न काढताच येतो. गळतीसाठीही तिन्ही स्थिती तपासाव्यात. नळ बंद ठेवून दाब भरावा, सगळे जोड पुसून कोरडे करावेत, त्यांभोवती टिश्यू पेपर गुंडाळावा आणि स्लाइड हळूहळू हलवावी. काही भेगा ताण आल्यावरच उघडतात आणि नळी सैल झाली की मिटतात. स्लाइड एकाच स्थितीत ठेवून केलेल्या तपासणीत त्या सापडत नाहीत. स्लाइड हलत असताना यंत्रणेत हात घालू नये. आत काम करण्यापूर्वी तिचा फ्यूज काढून ठेवावा, पंप व बाहेरचे पाणी बंद करावे, गीझर निवू द्यावा आणि नळ उघडून दाब सोडावा.

सांडपाण्याची नळी : या नळीत दाब नसतो. तिचे सगळे काम ढाळावर चालते आणि म्हणूनच तिचे दोष निराळे असतात. दर मीटरला सुमारे २ सेंमी ढाळ हवा, पण स्लाइड आत असताना मिळणारा ढाळ बाहेर असताना राहतोच असे नाही. लांब पन्हळी नळीला मधेच झोळ पडतो आणि त्यात भांड्यांचे तेलकट पाणी साचते. सिंकखालच्या वाकड्या पाइपात दुर्गंध अडवण्यासाठी पाणी मुद्दाम ठेवलेले असते. झोळ हा त्याचा नको असलेला जोडीदार बनतो, दोन पाण्यांच्या मधे हवा कोंडते आणि सिंक गुडगुड आवाज करत सावकाश रिकामे होते. अशा वेळी नळी साफ करून काही दिवस बरे वाटते, पण झोळ तसाच असल्याने तक्रार परत येते. त्यासाठी नळीला मधे आधार द्यावा लागतो, किंवा शक्य तेथे आतून गुळगुळीत नळी बसवावी लागते. सिंक दोन्ही स्थितींत सारखेच तुंबत असेल, तर मात्र ढाळापेक्षा सांडपाण्याची भरलेली टाकी, साचलेले अन्न किंवा नळीत हवा घेणारी वायुझडप बंद पडणे यांकडे आधी पाहावे.

दुरुस्ती : फाटलेली नळी काढून तेवढ्याच लांबीची दुसरी त्याच वाटेने बसवणे ही अपुरी दुरुस्ती होय, कारण जिने पहिली नळी कापली, ती कड तेथेच असते. आधी वाट दुरुस्त करावी. कडेला रबराची पट्टी लावावी, स्क्रूचे टोक कापावे, वळसा आवश्यक तेवढा मोठा करावा आणि नळीची दोन्ही टोके, एक गाडीवर आणि दुसरे स्लाइडवर, पकडीने घट्ट बसवावीत, म्हणजे ताण जोडावर न येता नळीच्या लांबीवर पसरतो. हलत्या भागात एकही जोड ठेवू नये. नळी पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित असावी आणि गरम बाजूस तिची तापमानाची क्षमता तपासून घ्यावी. बागेची नळी तात्पुरतीही वापरू नये. रबरी वॉशर असलेल्या फिरत्या जोडांवर टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची सवय अनेकांना असते. तेथे पाणी वॉशर अडवतो, टेपचा उपयोग नसतो, आणि पान्याने जास्त आवळल्यास प्लास्टिकचा आटा फुटतो. स्लाइडकडे जाणाऱ्या दोन्ही पाइपांवर वळशाच्या आधी एकेक बॉल व्हॉल्व्ह बसवून घेणे फार उपयोगी पडते. प्रवासात नळी फुटली, तरी स्वयंपाकघर तेवढे बंद करून न्हाणीघर चालू ठेवता येते. शेगडीही स्लाइडमध्ये असेल, तर शेजारून गॅसची नळी गेलेली असते. तिचे काम जाणकार तंत्रज्ञाकडेच द्यावे.

गळती लहान म्हणून पुढे ढकलू नये. स्लाइडची जमीन बहुधा प्लायवुडची किंवा दाबलेल्या लाकडी तुकड्यांच्या फळीची असते. पाणी लागल्यावर ती कडेने फुगते, खालच्या रोलरवर दबते आणि मग स्लाइड तिरकी सरकू लागते. तोवर नळीचा खर्च किरकोळ आणि जमिनीचा मोठा झालेला असतो.

हिवाळा : उत्तर अमेरिकेत थंडीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांमध्ये स्लाइडचा वळसा हा पाणी साचण्याचा नीचतम बिंदू ठरतो. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे टाकी व गीझर रिकामे केले तरी वळशात राहिलेले पाणी जोड फोडते. सिंकचे दोन्ही नळ उघडे ठेवून कमी दाबाच्या हवेने वळसा मोकळा करावा, किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलचा सहजी न गोठणारा गुलाबी द्रव दोन्ही नळांतून गुलाबीच येईपर्यंत पंपाने फिरवावा. इंजिनासाठीचा एथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने तो या नळ्यांत कधीही घालू नये. वसंतात पाणी पुन्हा भरताना बाहेरच्या नळाऐवजी पंपाचा दाब वापरावा आणि स्लाइड तिन्ही स्थितींत नेऊन जोड पाहावेत. हिवाळ्यात पडलेली भेग सहसा त्याच दिवशी दिसते.